न वाचलेले शेवट

जे आता लिहितो आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आई होती तोवर तिलाही नाही. माझ्या वडिलांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत धडधाकट होती. ती ढासळली असं आमच्या इमारतीत, नात्यागोत्यात आणि खुद्द बाबांच्या मनात जे पक्कं बसलं, ते खरं नव्हतं. आणि ते खरं नाही हे फक्त मला माहीत होतं. मी बोललो नाही. बाबा गेले त्या दिवशीही माझ्या तोंडातून ते निघालं नाही. आता माझं वय बाबांच्या त्या वेळच्या वयाला येऊन टेकलं आहे. चष्म्याचा नंबर दर खेपेला बदलतो, डोळ्यांचा डॉक्टर घरात कुणाला काचबिंदू होता का म्हणून विचारतो. मी होय म्हणतो आणि पुढचं बोलणं माझ्या कानात शिरत नाही.

विरारच्या अलीकडे तुळिंजला आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीच्या तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने तीन गाळे होते. एकात पिठाची गिरणी, एकात शिंपी आणि तिसऱ्यात बाबांचं वाचनालय. गाळ्याच्या मागची खोली आणि स्वयंपाकघर एवढं आमचं घर. मधे एक दार, त्याला कवाडाऐवजी आईच्या जुन्या साडीचा पडदा. बाबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. डोळ्यांचं दुखणं सुरू झालं, फायली वाचताना ओळी एकमेकींवर चढायला लागल्या, तसे ते मुदतीआधीच निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी गाळा घेतला. दादरचं एक जुनं वाचनालय बंद पडत होतं, त्याची पुस्तकं टेम्पोत घालून आणली. नातेवाईक हसले. आई तर उघडच म्हणायची, "आंधळ्याने आरशांचं दुकान मांडलंय." बाबांना त्याचं वाईट वाटत नसे. ते म्हणायचे, "अगं, दुकान मांडलंय तोवर आरसे पुसायला तरी मिळतात."

पुसायला मात्र खरोखरच लागायचं. गिरणी चालू झाली की भिंत थरथरायची, आणि फळ्यांवरच्या पुस्तकांवर पिठाचं बारीक पूट चढायचं. ज्वारी दळली की राखाडी, गहू दळले की पिवळट. आमच्या घरातल्या सगळ्या कादंबऱ्यांना मळलेल्या कणकेचा वास येई. सकाळी पाण्याचा टँकर आला की त्याच्या भोंग्यावर बायका हंडे घेऊन जिन्यावरून धावत उतरायच्या, त्यात आमची आई सगळ्यांत पुढे, आणि टँकर गेला की ओल्या पायऱ्यांवर सगळ्या तिथेच टेकून एकमेकींना विचारायच्या, "परबकाकांकडे काय नवं आलंय?" दुपारी गिरणीवाला जेवायला जाई. मग एकदम शांत व्हायचं. स्वयंपाकघरातून कुळथाच्या पिठीचा वास यायचा, तव्यावर सुका बांगडा भाजत असेल तर शिंप्याचा पोरगा पडद्यातून डोकावून जाई. त्या शांततेत बाबा पुस्तकं वाचत. नंतर मी वाचायला लागलो.

बाबांचं मोठेपण काही पुस्तकं जमवण्यात नव्हतं. स्टेशनजवळ आणखी दोन वाचनालयं होती, तिथे पुस्तकंही जास्त होती. लोक आमच्याकडे यायचे ते बाबा पुस्तक 'सुचवायचे' म्हणून. माणूस आत आला की बाबा त्याला फळीकडे जाऊ देत नसत. आधी बसवायचे. काय चाललंय, झोप लागते का, पोरगं कितवीत, सासू गावाहून आली का, असं दोन मिनिटं बोलायचे आणि मग मला म्हणायचे, "विन्या, वरच्या फळीवरून ते निळ्या पाठीचं काढ." आठ-दहा वर्षांच्या पोराला ते जाड पुस्तक कधी देत नसत, "जाडी बघून पोर घाबरतं, पुस्तकाला नाही, आपल्याला घाबरतं." त्याला प्राण्यांच्या गोष्टी, मोठ्या अक्षरांच्या, आणि गोष्ट अर्धी स्वतः सांगून थांबायचे, म्हणजे पोर उरलेल्या अर्ध्यासाठी पळत घरी जाई. तेरा-चौदा वर्षांच्यांना भुताचं पुस्तक हवं असे. ते बाबा द्यायचे, पण जोडीला ग्रहताऱ्यांचं किंवा समुद्रसफरीचं एक दिल्याशिवाय नाही. चर्चगेटहून थकून येणाऱ्यांना शंभर-सव्वाशे पानांची रहस्यकथा, आडवं झाल्यावर डोळा लागेपर्यंत पुरेल एवढीच. आजोबा मंडळींना गडकोटांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या. आजारातून उठलेल्याला प्रवासवर्णन. सासू-सुनेच्या कादंबऱ्यांचा त्यांचा एक खास नियम होता: सुनेने नेली की पुढच्या आठवड्यात तीच सासूला द्यायची. "दोघी एकाच पानावर रडल्या तर घरात आठवडाभर भांडी आपटत नाहीत." आणि दुःखात असलेल्या माणसाला विनोदी पुस्तक कधी द्यायचं नाही. "त्याला वाटतं आपली टिंगल चाललीय. त्याला रडवणारं द्यावं, पण शेवटी हात धरून बाहेर आणणारं."

या सगळ्याच्या मुळाशी बाबांचा एक हट्ट होता. स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं नाही. नवी पुस्तकं आली की ती टेबलाखाली खोक्यात राहायची, बाबांचं वाचून झालं की फळीवर. "न चाखलेलं वाढू नये," म्हणायचे. डोळे अगदीच अधू झाले, अक्षरांच्या जागी करड्या मुंग्या दिसायला लागल्या, तेव्हाही हा नियम त्यांनी सोडला नाही. फक्त वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा बारावी होऊन कॉलेजात जायला लागलो होतो. दुपारी घरी आलो, भात-पिठी जेवलो, की बाबा गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढायचे, खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं."

आता मुलीला सांगायचं तर सांगता येणार नाही इतका मला त्या 'हं'चा राग यायचा. आमच्या इमारतीसमोर, रस्त्यापलीकडे तेव्हा मोकळी जागा होती, अजून तिथे नव्या बांधकामाच्या सळया उभ्या राहिल्या नव्हत्या. दुपारपासून तिथे क्रिकेट चाले. शटरच्या अर्ध्या फटीतून मला पोरांचे पाय आणि उडणारा चेंडू दिसायचा. मी वाचत असायचो एखाद्या चारशे पानी कादंबरीतलं कुणाच्या तरी लग्नाचं बोलणं, आणि बाहेरून हाक यायची, "ए विन्या, येतो का? एक कमी पडतोय!" बाबा डोळे मिटूनच म्हणायचे, "प्रकरण संपव आणि जा." ते प्रकरण संपायचंच नाही.

पहिल्यांदा केलं ते अगदी सहज. एका कौटुंबिक कादंबरीची शंभरेक पानं उरली होती. मी मधली बरीच पानं एकदम उलटली, उलटल्याचा आवाज होऊ नये म्हणून खोकलो, आणि शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. त्याचा काही संदर्भ लागेना, कारण मधे कोण मेलं, कोण कुठे गेलं ते मलाच माहीत नव्हतं. तेव्हा मी पुस्तकाकडे बघतच तोंडाने रचायला लागलो. रुसून गेलेला थोरला भाऊ गणपतीला परत येतो, दारातच थांबतो, आणि धाकट्या भावाची बायको काही न बोलता त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घालते. असं काहीतरी. मी थांबलो. बाबांनी डोळे उघडले. मला वाटलं, कळलं. मग ते म्हणाले, "काय लिहिलंय! पाण्याचा तांब्या… एवढ्यावर थांबला. जमवलंय हो त्याने."

बाबांनी माझ्या कशाचंही असं कौतुक कधी केलं नव्हतं. मी दहावीला बरे मार्क मिळवले तेव्हा ते "बरं झालं" म्हणाले होते. आणि इथे माझ्या पाण्याच्या तांब्यावर त्यांचे डोळे ओले झाले होते. कौतुक लेखकाचं होतं, पण ऐकत मी होतो. पुढे मी जे केलं त्याला आळस एवढंच नाव द्यायचं माझ्या सोयीचं आहे. ते पुरतं खरं नाही. आळस होताच. पण ते "जमवलंय" पुन्हा ऐकायची हावही होती.

मग ते सवयीचं झालं. निम्मं पुस्तक खरं वाचायचं, म्हणजे माणसं आणि गाव बरोबर यायचं, आणि पुढचं जिभेवर येईल तसं. हातांनी मात्र मी ठराविक अंतराने पान उलटायचो, आवाज नीट यावा म्हणून. एकदा आतून पडद्यामागून आई म्हणाली, "एवढ्यात संपलं? केवढं जाड होतं ते!" बाबा म्हणाले, "वेगात वाचतो आता तो." आईची शाळा चौथीपर्यंतची. पण तांदूळ निवडताना तिचे कान आमच्याकडेच असायचे. तिला काय कळलं होतं आणि काय नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी मला सांगावं लागलं असतं.

सुरुवातीला त्याची गंमतच झाली. दुसऱ्या मजल्यावरचे दळवी एका रविवारी रहस्यकथा टेबलावर आपटत म्हणाले, "परबकाका, तुम्ही म्हणालात माळ्यावर लक्ष ठेवा. मी अख्खं पुस्तक त्या माळ्यावर डोळे रोखून बसलो, तो बिचारा झाडांना पाणी घालत राहिला. आणि खून केला मेव्हण्याने!"

"अहो, लक्ष ठेवा म्हटलं होतं, अटक करा कुठे म्हटलं?" बाबा हसत म्हणाले. पण दळवी गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "माळीच होता ना रे?"

"तुम्ही दोन पुस्तकांची गल्लत केली असेल," मी म्हणालो.

हे वाक्य मी पहिल्यांदा तेव्हा वापरलं. पुढे किती वेळा वापरलं ते सांगता येणार नाही. शिंप्याचा पोरगा तोंडावर म्हणाला, "काका, ह्याच्यात भूत नायच ए. वॉचमन निघाला तो. तुम्ही वाचलंच नाय." टँकरच्या ओळीतल्या एका वहिनींनी तक्रार केली, की तुम्ही म्हणालात ती नायिका शेवटी नवऱ्याकडे जाते, ती तर नर्सचं शिक्षण घ्यायला पुण्याला जाते, आणि मी माझ्या नणंदेला मुद्दाम ते वाचायला दिलं होतं! दळवींनी तर नेमच केला. आत आले की आधी विचारायचे, "काका, आज बदाम खाल्ले का भिजवून?" सगळे हसायचे, बाबाही हसायचे. एक दिवस मी पाहिलं, आईने खरंच वाटीत बदाम भिजत घातले होते. बाबा ते सोलून एकेक करून चावत होते, औषध घेतल्यासारखे, गंभीर तोंडाने.

फिलूबायबद्दल आता लिहायलाच हवं. तिचं खरं नाव फिलोमिना. ती वसईजवळच्या भुईगावची. वाडीतली केळी, वालपापडी, अळू, मोगऱ्याच्या पुड्या असं घेऊन सकाळी तुळिंजच्या बाजारात बसायची आणि माल संपला की परतीच्या बसआधी आमच्या गाळ्याच्या पायरीवर टोपली टेकवून पुस्तक बदलून घ्यायची. आमच्याशी ती शाळेतली मराठी बोलायची आणि सोबतच्या जावेशी त्यांच्या घरच्या बोलीत, त्यातलं आम्हाला निम्मं कळत नसे. कादंबरी तिला जाडच लागायची. "पातळ पुस्तक म्हणजे माझ्या वाटेत संपतं काका, मग बाजारात काय वाचू, भाव?" वाचून झालेलं पुस्तक पुन्हा नेऊ नये म्हणून आमचे बरेच वाचक आपली खूण करून ठेवायचे, कुणी पान क्रमांकाखाली टिंब द्यायचं, कुणी कोपरा दुमडायचं. फिलूबाय शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक क्रूस काढायची. तिचा एक मुलगा होता, अँथनी, माझ्याच वयाचा. कधी टोपली उचलायला यायचा. दिवाळीत ती आमच्यासाठी सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी आणायची, केळीच्या वाळक्या पानात बांधलेली. बाबा ती एकावेळी अर्धीच खायचे, संपू नये म्हणून.

मी बाबांना वाचून दाखवत होतो त्याच काळात एका पावसाळ्यात अँथनी मित्रांबरोबर चिंचोटीच्या धबधब्यावर गेला आणि तिथल्या डोहात बुडाला. फिलूबाय पुढे किती तरी महिने बाजारात आली नाही. मग एक दिवस आली. टोपली निम्मी भरलेली, साडी पांढरट. पायरीवर बसली नाही, उभीच राहिली.

"काका, घरात दुपार सरत नाय. काहीतरी द्या वाचायला." मग टोपली सावरत म्हणाली, "पण पोर मरतं असलं नको. तेवढं बघून द्या."

बाबांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली. मला ठाऊक होतं ते काय शोधत होते. रडवणारं, पण हात धरून बाहेर आणणारं. मग ते म्हणाले, "विन्या, ती खाडीकाठच्या बाईची कादंबरी. मुलगा पुरात होडीतून जातो ती. काढ."

ती कादंबरी मी बाबांना जेमतेम निम्मी वाचून दाखवली होती. पूर येतो, मुलगा होडी सोडवायला जातो आणि दिसेनासा होतो, इथपर्यंत. पुढचं माझं होतं. त्या दिवशी बाहेर मॅच होती. मी बाबांना सांगितलं होतं की मुलगा दूरच्या बंदराला लागतो, पुष्कळ वर्षांनी परत येतो, आणि आई त्याला ओळखून न ओळखल्यासारखं करून आधी जेवायला वाढते. बाबांना ते फार आवडलं होतं. खऱ्या पुस्तकात शेवटी काय होतं ते मला माहीतच नव्हतं. मी ते पान कधी उघडलं नव्हतं.

बाबा तिला म्हणाले, "मधे फार कठीण आहे, बाय. पूर येतो तिथे तुम्हाला पुस्तक ठेवून द्यावंसं वाटेल. पण ठेवू नका. माझ्या शब्दावर वाचा. मुलगा परत येतो."

मी फळीपाशी पुस्तक हातात धरून उभा होतो. दोन पावलं टाकून तिच्या हातात द्यायचं होतं. तेवढ्या वेळात शेवटचं पान उघडून बघता आलं असतं. "थांबा, हे कुणीतरी नेलंय, दुसरं देतो," एवढं म्हणता आलं असतं. मी मनाशी म्हणालो, येतही असेल परत, कादंबऱ्यांत येतातच. आणि पुस्तक तिच्या टोपलीत, केळीच्या पानावर ठेवलं.

ती परत आली तेव्हा दुपार होती. गिरणी बंद होती. शटर अर्धं खाली, मी बाबांना काहीतरी वाचून दाखवत होतो. ती वाकून आत आली आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं.

"काका, तुम्ही म्हणालात परत येतो."

"येतो ना. शेवटी," बाबा आवाजावरून तिच्याकडे तोंड करत म्हणाले.

"येत नाय. गाळात सापडतो. आई हाताच्या दोऱ्यावरून ओळखते."

"नाही हो. जेवायला बसतो तो. मी वाचलंय."

"मीपन वाचलंय, काका. पूर आला तिथेच मी बंद करनार होते." तिची शाळेतली मराठी सुटली होती. "तुम्ही म्हनाले ठेवू नका, माझ्या शब्दावर वाचा. म्हनून रोज दोन-दोन पानं पुढे गेले. आता येईल, आता येईल. मला वाटलं, निदान पुस्तकात तरी…"

बाबांनी चाचपडत पुस्तक घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "विन्या, शेवट वाच."

मी शेवटचं पान उघडलं. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीचा बारीक क्रूस होता. मी वाचलं. त्या पानावरचं मी तेव्हाच पहिल्यांदा वाचत होतो, आणि ऐकणारी दोन माणसं समोर होती. गाळ, दोरा, आईचं ओळखणं, सगळं होतं. वाचून झाल्यावर आत आईच्या सुपाचा आवाजही थांबलेला होता.

बाबांनी विचारलं, "तू मला वाचून दाखवलंस तेव्हा हेच होतं?"

माझ्या आयुष्यात मला कुणी इतका सरळ प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. मी म्हणालो, "हेच होतं, बाबा."

ते दोनदा मान हलवून "बरं," म्हणाले. मग खुर्चीतून उठले, टेबलाची कड धरून तिच्या दिशेला वळले आणि हात जोडले. ती जरा डावीकडे उभी होती, त्यामुळे त्यांचे हात भिंतीकडे जोडले गेले. "बाय, मला क्षमा करा. माझं डोकं गेलंय. मला ते कळायला हवं होतं, लोक सांगत होते."

"राहू द्या काका," ती म्हणाली. "वय होतं मानसाचं." आणि वाकून शटरखालून बाहेर गेली. त्यानंतर ती आमच्या पायरीवर कधी आली नाही. बाजारातली जागाही तिने बदलली, स्टेशनच्या बाजूला बसू लागली.

बाबांनी पुस्तक सुचवणं त्या दिवशी सोडलं. कुणी विचारलं की म्हणायचे, "विनूला विचारा, माझ्यावर जाऊ नका." मी मुखपृष्ठं बघून काहीही देत होतो. वाचून दाखवणंही थांबलं, कारण आता त्याचा उपयोग काय? माझ्या दुपारी मोकळ्या झाल्या. पहिल्या दिवशी मी मैदानात गेलो, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

पुढे दुसरंच सुरू झालं. सकाळी टँकरची गडबड संपली की आतल्या खोलीतून बाबांचा आवाज यायचा. ते स्वतःशी दीडकी म्हणत असायचे. एक दीडं दीड, दोन दीडं तीन, तीन दीडं साडेचार. ती संपली की अडीचकी. मग चर्चगेटपासून विरारपर्यंतची स्टेशनं, मग उलटी. कचेरीतल्या टेबलांवरची माणसं ओळीने, त्यांच्या गावांसकट. एकही चुकत नसे. चुकलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. कारण सगळं बरोबर येऊनही पुस्तकं तेवढी कशी पुसली जातात हे त्यांना समजत नव्हतं, आणि न समजण्याचीच त्यांना भीती बसली. आईने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने काही प्रश्न विचारले, बाबांनी सगळी उत्तरं दिली. "या वयात होतं थोडंफार," डॉक्टर म्हणाला आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी त्यांना झोप यायची. मी त्यांना त्या हातावर काढून द्यायचो, पाण्याचा पेला पुढे करायचो.

सांगायचं ठरवलं नाही असं नाही. गोळ्या देताना कित्येकदा तोंड उघडलं. पण जितके दिवस जात तितकं ते जड होत गेलं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर एक थप्पड बसली असती. महिन्याने सांगितलं असतं तर त्यांनी महिनाभर का भोगलं, ते सांगावं लागलं असतं. नंतर नंतर ते स्वतःच आपल्या विसरण्याला सरावले. माणसं आली की आधीच म्हणायचे, "मला आठवत नाही हं काही," आणि खरंच आठवायचा प्रयत्न करीनासे झाले. आपल्याला येत नाही असं ठरवलेला माणूस हळूहळू तसाच होतो. घराघरांत केबल आलं, मालिका आल्या, वाचक आटले. गाळा मोबाइल विकणाऱ्याला गेला. पुस्तकं रद्दीवाल्याने किलोवर नेली. बाबा गेले तेव्हा आलेल्यांपैकी दळवी मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेवटी शेवटी फारच विसरायला लागले होते ना रे? हुशार माणूस होता." मी हो म्हणालो.

मी आता विरारला असतो. सोसायटीतले लोक मला वाचणारा माणूस म्हणून ओळखतात. "मुलगा अकरा वर्षांचा आहे, काय देऊ?" "आई नुकतीच गेली आहे, बाबांना काय वाचायला देऊ?" असे निरोप फोनवर येतात. मी लगेच उत्तर देत नाही. ते पुस्तक आधी पुन्हा वाचतो, शेवटच्या ओळीपर्यंत, मग सांगतो. लोकांना वाटतं मी फार काटेकोर आहे. मागच्या आठवड्यात एका बाईने विचारलं, "शेवट गोड आहे ना हो?" मी म्हटलं, पुन्हा बघून सांगतो.

फिलूबाय जिवंत आहे. फार म्हातारी झाली आहे, डोळे बरे आहेत म्हणतात, अजून वाचते. भुईगावात चर्चच्या मागच्या गल्लीत कुणालाही विचारलं तर घर दाखवतील. मी दोनदा त्या गल्लीपर्यंत गेलो आणि नुसती केळी घ्यायला आल्यासारखा केळी घेऊन परतलो. माझ्या वडिलांना मी जे देणं लागत होतो ते आता फेडता येणार नाही. ते देणं घेऊनच मी जाणार. पण तिचं देणं फिटण्यासारखं आहे. तिच्यासमोर बसून मला सांगायचं आहे, की काकांचं डोकं गेलं नव्हतं, त्यांनी तुम्हाला फसवलं नव्हतं, ते पुस्तक मी त्यांना खोटं वाचून दाखवलं होतं आणि त्या दुपारी तुमच्यासमोर त्यांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. हे तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.